सत्तावीस नंबरचा बस्ता

हे सगळं घडलं ते दोन हजार आठ साली. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि सुमित्राबाई रामटेके नगरपरिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम एक. भाद्रपदाची घुसमट होती. भातगिरण्यांच्या कोंड्याची धूळ हवेत तरंगत होती, ती खिडकीच्या गजांवर बसायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, जिभेवरसुद्धा बसायची. गुडघा फार धरला म्हणून सुमित्राबाई गोरेलाल चौकाजवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथं पुठ्ठ्याचा बिल्ला देत. त्यांच्या बिल्ल्यावर बत्तीस आकडा होता, तो त्यांनी नीट वाचून मुठीत धरला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आत कोणाचं तरी मूल रडत होतं. मग दाराशी कंपाउंडर आला आणि ओरडला, "सत्तावीस नंबर!" आणि सुमित्राबाई उभ्या राहिल्या. गुडघ्याला हात न लावता, कुणाचा आधार न घेता, पोर उठते तशा उठल्या आणि चालत थेट डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेल्या. मागून एक जाडे शेठ ओरडले, "ओ बहनजी, आपका तो बत्तीस है! हम यहाँ क्या भजन करने बैठे हैं?" सगळे हसले. सुमित्राबाईंनी मूठ उघडून बिल्ला पाहिला. खरंच बत्तीस होता. मानेच्या मागे, पदराच्या आत, काहीतरी बारीक खाजत होतं.

घरी येताना त्या रिक्षात बसल्या नाहीत, चालत आल्या. त्यांना स्वतःच्या पायांचं नवल वाटत होतं. चाळीस वर्षं त्यांना कोणी सत्तावीस म्हणून हाक मारली नव्हती. चाळीस वर्षांत त्या रामटेके बाई झाल्या, बुद्धभूषणची आई झाल्या, पेन्शनच्या कागदावरची सही झाल्या. वर्गात हजेरी घेताना त्यांनी एकाही पोराला नंबरानं पुकारलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणत, बाई, नावं घेत बसता, निम्मा तास जातो, तरी त्या नावंच घेत. त्यांना वाटलं होतं की सत्तावीस संपली. आणि ती तर आत बसून होती, कान टवकारून, फ्रॉक नीट करून, कोणी बोलावतंय का याची वाट पाहत. माणसाच्या आत इतकी जागा असते, इतकी वर्षं कोणी न खाता न पिता तिथं राहू शकतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि रस्त्यावर, सायकलींच्या घंट्यांमध्ये, त्या क्षणभर थांबल्या.

खाजत होतं ते नंबराचं भरतकाम. त्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या रेल्वे लायनीपलीकडच्या बालसदनात प्रत्येक मुलीच्या फ्रॉकच्या गळपट्टीत, आतल्या बाजूनं, लाल दोऱ्यानं नंबर भरलेला असे. थाळीवर नंबर ठोकलेला, सतरंजीच्या कोपऱ्यात नंबर, कंगव्याच्या दांड्यावर खिळ्यानं कोरलेला नंबर. थाळी धुतली की विसरायची, सतरंजी गुंडाळली की विसरायची, पण गळपट्टीतला दोरा दिवसभर मानेला घासत राही. कौलारू लांब इमारत, पुढं ओसरी, ओसरीपुढं अंगण आणि अंगणाच्या टोकाला लोखंडी फाटक. ओसरीवर खुर्ची टाकून मोठ्या बाई बसत. त्या अधीक्षिका, पांढरं लुगडं, जाड चष्मा, मांडीवर पाट ठेवून सतत काहीतरी लिहीत असत. हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. मारतानाही पाहिलं नव्हतं, पण पोरींना मारापेक्षा त्या लिहिण्याची भीती जास्त. दर रविवारी भेटीचा दिवस. कोणाचा मामा यायचा, कोणाची आजी, कोणी नुसतंच गावचं माणूस मुरमुरे घेऊन. सत्तावीस नंबरकडे कोणी आलं नाही. विचारलं की मोठ्या बाई चष्मा न काढता म्हणत, "नाही आलं." एवढंच. पण एकदा सव्वीस नंबरच्या पार्वतानं न्हाणीघरात कानाशी सांगितलं होतं, "माया काका आला होता वं. मोठ्या बाईनं फाटकातूनच धाडला वापस. स्वयंपाकीनबाईनं सांगतलं मले." तेव्हापासून ती शंका सुमित्राबाईंच्या पोटात होती. पार्वताच्या काकाला परत धाडलं, तर आपल्याकडच्या कोणाला धाडलं नसेल कशावरून? लग्नात, बाळंतपणात, घर बांधताना ती शंका निमूट पडून राहिली. आता दवाखान्यातल्या एका हाकेनं ती उठून बसली. आपल्यासाठी कोणी आलं होतं का? कधी तरी, एकदा तरी, त्या फाटकाशी?

यादोरावांना त्यांनी जेवताना सांगितलं. यादोराव रेल्वेत पॉइंट्समन होते, छोट्या लायनीवर सगळा जन्म गेला, आणि बोलायचे तेही सांधा बदलल्यासारखं, एकदम खटकन. बायको आश्रमातली आहे हे त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, ते म्हणाले होते, ज्या पोरीला कोणी जात विचारली नाही ती आपल्या घरी आधी आली पाहिजे. तेवढ्यावर लग्न झालं.

"आता कायले पायजे तुले ते?" यादोराव म्हणाले. "साठीले टेकली. माय भेटल का आता? भेटली त काय करशील, वरण-भात वाढशील?"

"माय नाही शोधून राहिली मी. कोनी आलं होतं का, एवढंच पायजे."

"आन् नसन आलं त?"

सुमित्राबाईंनी त्यांच्या थाळीत वरण वाढलं. यादोरावांनी थाळीतला घास तसाच धरून ठेवला, मग म्हणाले, "जा. नंदलालकडे जा. तो अर्ज लिहिते चांगला. पन रडत वापस येशील त मी समजावनार नाही, सांगून ठेवतो."

नंदलाल कचेरीच्या आवाराबाहेर, कडुलिंबाखाली, लोखंडी टेबल टाकून अर्ज लिहायचा. केस मेंदीनं लाल, तोंडात सुपारी, हिंदी मराठीची सरमिसळ. सुमित्राबाईंचं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि सुपारी गालात सरकवली. "मौसी, मैंने आज तक जमीन का सातबारा मांगा, राशन मांगा, किसी का पेन्शन मांगा. अपना बचपन मांगने वाली तुम पहली हो." मग त्यानं कागद पुढं ओढला. "माहितीचा अधिकार आला आहे ना तीन साल से. डालते हैं. क्या लिखूं?" सुमित्राबाईंनी शाळेत शिकवलेल्या स्वच्छ मराठीत सांगितलं, की मी अमुक साली सदर संस्थेत दाखल होते, माझ्यासंबंधी जे काही लिहिलेलं आहे ते मला वाचायचं आहे. नंदलालनं लिहिलं, शाईवरची वाळू उडवावी तशी त्यावर फुंकर मारली आणि म्हणाला, "सुनने में कितना सीधा लगता है, नहीं?"

बालसदन केव्हाच बंद पडलं होतं. कागदपत्रं आधी भंडाऱ्याला गेली, जिल्हा तुटला तेव्हा ट्रकमधून गोंदियाला परत आली आणि एका कार्यालयाच्या मागच्या खोलीत, लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून, फळ्यांवर पडली. तिथं रेणू पटले नावाच्या तरुण बाई माहिती अधिकारी होत्या. त्यांनी महिन्यानं उत्तर पाठवलं की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती असल्यानं देता येत नाही. सुमित्राबाईंनी तो कागद परत परत वाचला. त्रयस्थ! म्हणजे आपण इथं, ती पोर तिथं, आणि दोघींच्या मधे कोणी तिसरीच. त्यांना राग यायला हवा होता, पण आधी आलं ते आश्चर्य, कारण त्या शब्दात काहीतरी खरं होतं. त्या पोरीला त्या तरी कुठं ओळखत होत्या? तिला काय आवडत होतं, ती कधी बोलायला लागली, आजारी पडली तर कण्हायची की गप्प राहायची, यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. बुद्धभूषणचा पहिला दात कुठल्या बाजूचा पडला हे त्या झोपेत सांगू शकल्या असत्या. स्वतःबद्दल इतकं अज्ञान घेऊन आपण शिक्षिका झालो, सून झालो, आई झालो, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही! कागदाची घडी घालून त्या कार्यालयात गेल्या.

रेणू मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "बाई, प्रत्येक मुलीचा बस्ता वेगळा आहे, पण वर नुसते नंबर आहेत. कोणत्या नंबरची मुलगी कोण, त्याची वही वाळवीनं खाल्ली. तुम्ही म्हणता सत्तावीस म्हणजे मी. पण उद्या दुसरी कोणी येऊन म्हणाली तर? त्या मुलीचं खाजगी आयुष्य आहे त्यात. तिचं रक्षण करणं आमचं काम आहे."

"कोणापासून, माझ्यापासून?" सुमित्राबाई म्हणाल्या.

रेणू मॅडम गोंधळल्या. "दाखला वगैरे काही? तिथून सुटतानाचा?"

दाखला होता, नोकरीला लागताना शाळेत जमा केला, तो परत आला नाही. रेणू मॅडमनी अपील करायला सांगितलं आणि उठता उठता, नियमात बसत नसताना, मागच्या खोलीचं दार थोडं उघडलं. अंधारात फळ्या होत्या आणि फळ्यांवर लाल गाठोडी, ओळीनं, जशा पोरी भिंतीला टेकून बसत तशी. कुठलं आपलं ते कळत नव्हतं. उंबऱ्यावरून सुमित्राबाईंना जुन्या कापडाचा, ओल्या कागदाचा वास आला आणि त्यांनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला, जसा विहारात शिरताना करतात.

अपिलाची सुनावणी लागायच्या आधी, एका दुपारी तांदूळ निवडत असताना, त्यांना बालसदनातली हजेरी आठवली. आठवली म्हणजे ओठांवर आली. दिवेलागणीला पोरी ओसरीवर ओळीनं उभ्या राहत, पण आपला नंबर आपण सांगायचा नसे. मोठ्या बाईंचा तो नियमच होता. एकदा एक मुलगी पळून गेली होती आणि तिच्या मैत्रिणीनं तिच्या आवाजात "हजर" म्हणून वेळ मारून नेली होती. तेव्हापासून पद्धत बदलली. प्रत्येकीनं वळून पुढच्या मुलीच्या तोंडाकडे बघायचं आणि तिचा नंबर सांगायचा. पंधरा म्हणायची, सोळा आहे. सोळा म्हणायची, सतरा आहे. स्वतः कोणी आहे म्हणायचं नाही, शेजारणीनं पाहिलं तरच आपण असायचो. सव्वीस नंबर म्हणजे पार्वता. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी पार्वता वळायची, तिच्या एका डोळ्यात फूल होतं, चांगल्या डोळ्यानं नीट निरखायची आणि म्हणायची, सत्तावीस आहे. सुमित्राबाईंच्या हातातलं सूप मांडीवर राहिलं. बाहेर बिरसीच्या धावपट्टीच्या बाजूनं कुठलंसं विमान घरघरत गेलं.

पार्वताबाई कोहमाऱ्याला होती, एवढं सुमित्राबाईंच्या कानावर होतं. नवरा ट्रकवर क्लीनर होता, तो गेल्यावर तिनं हायवेच्या फाट्यावर एका ढाब्यात भाकरी थापायचं काम धरलं आणि पुढं तो ढाबा तिच्या जावयाचाच झाला. सुमित्राबाई एसटीतून उतरल्या तेव्हा ती चुलीपुढं होती, रुंद झालेली, पांढरे केस आणि एक डोळा तसाच दुधाळ. तिनं वर पाहिलं, परात बाजूला केली.

"आली का वं? मले वाटे मेली असशील."

"तू जित्ती हायेस त मी कशी मरन?"

"बस. भाकर खाय पहिले. मास्तरीनबाई झाली म्हने. हात पाय त मास्तरीनसारखेच झाले, काडीवानी." मग सगळं ऐकून घेतल्यावर तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मायावाला दाखला हाये. सासू म्हने, कोन्या जातीची आनली कोन जाने, म्हनून पेटीत जपून ठेवला. त्यावर सव्वीस लिवलं हाये. पन मी मायी फाइल नाही मांगनार, हे सांगून ठेवतो तुले."

"काऊन?"

"काका आला होता हे मले मालूम हाये. आनखीन काय पायजे? जास्ती उकरलं त त्यो काकाबी खोटा निंगन." तिनं पीठ झटकलं. "पन तुयासाठी येतो मी. रोज सांगत होती, आनखी एकडाव सांगन."

सुनावणीला अपील ऐकणाऱ्या साहेबांपुढं दोघी उभ्या राहिल्या. साहेब जाणते, थकलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. रेणू मॅडमनी संस्थेच्या जुन्या नियमांचा एक पिवळा कागद आणून ठेवला होता, तो त्यांनी स्वतः शोधला होता. साहेबांनी चष्मा चढवून वाचला. 'मुलीने स्वतःची हजेरी सांगू नये. मागील मुलीने प्रत्यक्ष पाहून पुढील मुलीची हजेरी सांगावी. तीच ग्राह्य धरावी.' साहेबांनी पार्वताबाईंचा दाखला उलटसुलट पाहिला.

"तुम्ही सव्वीस. हे कागदावर आहे. आणि या?"

पार्वताबाई वळली. तिनं चांगला डोळा सुमित्राबाईंच्या तोंडावर लावला, घाई न करता, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं रोज पाहायची तसं. सुमित्राबाईंना वाटलं, आपला चेहरा एवढा वेळ कोणी पाहिलाच नाही. नवऱ्यानं नाही, पोरानं नाही, आरशातही नाही.

"सत्तावीस आहे," पार्वताबाई म्हणाली. आवाज एकदम लहान पोरीचा, ताठ. "लिवा."

रेणू मॅडमनी लिहून घेतलं. शिपाई चहाचे कप घेऊन दारात आला होता, तो तसाच थांबला. साहेब म्हणाले, "माझ्या सबंध नोकरीत असा पुरावा मी पाहिला नाही." मग थोडं हसले. "पण संस्थेचाच नियम आहे. तीच ग्राह्य धरावी, असं लिहिलंय. धरली." आणि त्यांनी सही केली.

बस्ता टेबलावर आला तेव्हा वाचायला सुमित्राबाई एकट्याच होत्या. पार्वताबाईला त्यांनी थांब म्हटलं, पण ती म्हणाली, "तुयं तू वाच," आणि कार्यालयाच्या ओसरीवर जाऊन बसली. रेणू मॅडमनी गाठ सोडली आणि न सांगता बाहेर गेल्या. कापड मऊ पडलं होतं, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखं. आत कागदांचा जुडगा होता, टाचणीच्या गंजाचे डाग पडलेला, आणि सगळीकडे तीच जांभळी शाई, तेच उभं बारीक अक्षर. म्हणजे मांडीवर पाट घेऊन मोठ्या बाई जे लिहायच्या ते हे होतं. हे आपल्याबद्दल होतं! ओसरीवर ज्या लिहिण्याच्या भीतीनं पोरी भिंतीला चिकटत, ते लिहिणं पन्नास वर्षं अंधारात जिवंत राहिलं, भंडाऱ्याला गेलं, आलं, वाळवीनं शेजारची वही खाल्ली पण याला तोंड लावलं नाही. सुमित्राबाईंनी लगेच वाचलं नाही. तळहात कागदावर ठेवून त्या नुसत्या बसल्या. कागद गार होता.

पहिल्या पानावर होतं: 'चिचगड येथील आठवडी बाजारात सापडली. वय अंदाजे तीन. बाजार उठेपर्यंत थांबून पाहिले, कोणी आले नाही. मराठी बोलत नाही. भाषा गोंडी असावी. पाण्याला येर म्हणते. रात्री यायो म्हणून हाका मारीत होती. गाडीवानाने सांगितले की याचा अर्थ आई.' सुमित्राबाईंनी तो शब्द ओठांवर आणून पाहिला. यायो. काही हललं नाही. कोणाचा चेहरा आला नाही, कुठला वास आला नाही. तोंडाला तो शब्द परका लागला, दुसऱ्याच्या घरच्या भांड्यातून पाणी प्यावं तसा. तरी त्या थक्क झाल्या. आपल्याला एक भाषा होती! तिच्यात आपण तहान सांगत होतो, रडत होतो, हाका मारत होतो, आणि मग बालसदनाच्या त्या इमारतीत एकेक करून ते शब्द गळून गेले, दुधाचे दात पडतात तसे, आणि कोणी ते छपरावर फेकले कोण जाणे. जन्मभर मुलांना मराठी शिकवली ती मराठी आपण तिथं, त्या भिंतींत, परकी म्हणून शिकलो होतो. पुढं आणखी होतं. कधी तिला गोवर आला, कधी ती पायरीवरून पडली, 'चित्रे काढते', 'वाटाणे खात नाही, लपवून कोंबड्यांना टाकते.' सुमित्राबाई एकदम हसल्या. त्या अजून वाटाणे खात नव्हत्या.

आणि मग भेटीचे कागद. दर रविवारचे, एकाखाली एक. सुमित्राबाईंनी खुर्ची टेबलाशी ओढली. त्यांनी बोट ठेवलं आणि वाचू लागल्या. कोणी आले नाही. कोणी आले नाही. कोणी आले नाही. पान उलटलं, पुढचं उलटलं. शाई कुठं फिकी झाली, कुठं नवी, ऋतू बदलले असतील, पाऊस आला गेला असेल, पण ओळ तीच. परत धाडल्याचं कुठं काही नव्हतं. लपवलेलं काही नव्हतं. कोणीच आलं नव्हतं. पोटातली ती जुनी शंका एवढी वर्षं एका अर्थी दिव्यासारखी होती, ती विझली आणि आत जो अंधार झाला तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. त्या थांबणार होत्या, पण बोट पुढं गेलं. एका ओळीत होतं: 'कोणी आले नाही. मुलगी फाटकापाशी उभी होती. हाक मारली नाही.' पुढच्या पानावर: 'कोणी आले नाही. दिवे लागेपर्यंत उभी. मीही ओसरीवरच बसले.' पुढं: 'कोणी आले नाही. ताप आहे, तरी उठून गेली. मागून घोंगडी पाठवली.' आणखी पुढं, कितीतरी पुढं: 'कोणी आले नाही. हल्ली विचारीत नाही. हे बरे की वाईट, कळत नाही.' आणि त्यानंतरची पानं पुन्हा नुसती, एकेका ओळीची, तिच्या निघून जाण्यापर्यंत. एकही रविवार सुटला नव्हता.

सुमित्राबाई त्या ओळींपाशी किती वेळ होत्या त्यांना सांगता आलं नसतं. फाटकाकडे तोंड करून उभी असलेली ती पोर त्यांना दिसत होती, पण पुढून नाही. ओसरीवरून, मागून. दोन वेण्या, बाहेर आलेली गळपट्टी, त्यातला लाल दोरा आणि त्याखाली बारीक मान. स्वतःची मान कोणाला दिसत नाही, आणि ती त्यांना दिसत होती, दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांतून, त्या जाड चष्म्यातून. त्या फाटकाकडे बघत राहिल्या होत्या आणि मागं कोणीतरी त्यांच्याकडे बघत बसलं होतं. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं. जी बाई कोणाला जवळ घ्यायची नाही, जिच्या भीतीनं न्हाणीघरात कुजबुज चालायची, जिच्यावर त्यांनी मनातल्या मनात आयुष्यभर एका आईला परत धाडल्याचा आळ घेतला, ती दर रविवारी हे लिहून ठेवत होती. कोणासाठी? हे कोणी वाचणार नव्हतं. मोठ्या बाईंना ते ठाऊक असणार. तरी त्या बसल्या, लिहिलं, टाचणी लावली. जगात अशीही माया असते जी हातात काही देत नाही, नुसती खरं लिहून ठेवते, याचं सुमित्राबाईंना इतकं नवल वाटलं की रडूसुद्धा आलं नाही. त्यांनी उठून, कोणी नसलेल्या त्या खोलीत, टेबलावरच्या कागदांना वाकून नमस्कार केला.

बाहेर पार्वताबाई ओसरीवर खांबाला टेकून पेंगत होती. पावलं ऐकून तिनं डोळा उघडला.

"कोनी आलं होतं का वं?"

"नाही."

पार्वताबाईनं सरकून शेजारी जागा केली. "बस," ती म्हणाली. दोघी बसल्या. रेणू मॅडमनी चहा पाठवला, तो गोड मिट्ट होता, आणि पार्वताबाईनं शिपायाला विचारलं की साखर सरकारी आहे म्हणून टाकता का एवढी.

घरी यादोरावांनी हात पुढं केला. त्यांनी झेरॉक्सचे कागद चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, एवढं सलग त्यांनी वर्तमानपत्रही वाचलं नव्हतं. मग म्हणाले, "वाटाने नाही खात तू, हे मले ही बाई आधीच सांगती त किती भांडनं वाचली असती." आणि उठून अंगणात गेले, कारण समजावणार नाही म्हणून सांगून ठेवलं होतं.

पुढं यादोराव दोन हजार अकरा साली, थंडीत, बसल्या जागी गेले. साहेब निवृत्त होऊन नागपूरला लेकाकडे राहायला गेले. रेणू पटले यांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी त्या खोलीतले सगळे बस्ते उन्हात काढून, नवीन कापडात बांधले आणि पुढं ज्या बायका शोधत येतील त्यांनाही शेजारणीची साक्ष चालावी म्हणून प्रत्येक बस्त्यात पार्वताबाईंच्या जबानीची एकेक प्रत ठेवून दिली. नंदलालचं टेबल अजून त्याच कडुलिंबाखाली आहे. बालसदनातून सुटलेल्या कितीएक जणींचे अर्ज त्यानं लिहिले. त्यांचे पैसे घेत नाही, पण कथा मात्र पूर्ण ऐकतो. मोठ्या बाईंबद्दल सुमित्राबाईंनी पुष्कळ विचारपूस केली. त्या सत्तरच्या आसपास सेवाग्रामकडे गेल्या आणि तिथंच वारल्या, एवढंच कळलं. त्यांच्या भेटीला कोणी येत असे का, हे कोणाला सांगता आलं नाही. पार्वताबाईनं स्वतःची फाइल शेवटपर्यंत मागितली नाही. दोन हजार चौदात ती गेली तेव्हा तिच्या पेटीतला दाखला जावयानं सुमित्राबाईंना आणून दिला.

सुमित्राबाई आता थकल्या आहेत. तरी वर्षातून एकदा, भात कापून झाल्यावर, बुद्धभूषणला गाडी काढायला लावतात आणि चिचगडच्या बाजारात जातात. कोणाला काही विचारत नाहीत. चारोळी, मोहफुलं, डिंक मांडून बसलेल्या बायकांच्या ओळीशेजारी एका दगडावर बसतात आणि त्यांचं बोलणं ऐकतात. एक शब्द कळत नाही. तरी ऐकायला बरं वाटतं, चालीवरून तरी. बाजार उठायला लागतो, बायका टोपल्या आवरतात, बैलगाड्या जुंपल्या जातात. मागल्या खेपेला एका म्हाताऱ्या बाईनं डोक्यावर टोपली चढवता चढवता त्यांच्याकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "बाजार उठला माय. कोनाची वाट पाहून राहिली?"

"कोनाचीच नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "बसली आहो."